वकीलसाहेबांची रुई

माझ्या बहिणीबद्दल लिहायचं तर चांगलंच लिही, असं मला घरातल्या आणि बाहेरच्या बऱ्याच जणांनी बजावलं आहे. कारण काय, तर ती आता नाही. मला हे मान्य नाही. ती होती तेव्हा तिच्याबद्दल चांगलं बोलायला यातलं कुणी पुढे आलं नव्हतं, आणि ती स्वतः तर कुणाचं चांगलं म्हणणं ऐकून घेणारी बाईच नव्हती. तेव्हा जसं होतं तसं लिहिते. ज्याला पटणार नाही त्यानं खुशाल पान उलटावं.

आम्ही पिंजारी. यवतमाळात आमचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढची खोली रुईची आणि मागची माणसांची. पुढच्या खोलीत अब्बा पिंजण चालवायचे. पिंजण म्हणजे माणसापेक्षा उंच असं धनुष्य, वरून दोरीनं टांगलेलं. त्याच्या तातेवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, लाकडी दस्ता हाणला की तात थरथरते आणि खाली दाबून बसलेली रुई मोकळी होऊन उडते. मा, म्हणजे आमची आई, आम्ही लहान असतानाच गेली. त्यामुळे गाद्यांना टाके घालायचं काम आपाकडे, माझ्या या बहिणीकडे, आलं, तिच्या दहाव्या वर्षी. घरात आम्ही वऱ्हाडीच बोलायचो. हिंदी पाहुण्यांसाठी आणि अरबी नमाजापुरती. पुढे शिक्षिका झाल्यावर कुणी मला "तुमचं मराठी किती छान आहे हो" म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. छान नसायला झालं काय? सात पिढ्या इथल्याच मातीतला कापूस पिंजत होतो आम्ही.

आपा माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आम्ही सख्ख्या बहिणी आहोत हे लोकांना सांगावं लागायचं. ती उंच, रुंद हाडाची, रस्त्याच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजाची. तंबाखू मळायची, मोठ्यानं हसायची, आणि दुकानदारानं वजनात मारलं तर त्याचा काटा उचलून रस्त्यावर ठेवायची. मी किरकोळ, नीटनेटकी, पुस्तकात डोकं घालून बसणारी. मला रुईचा मनस्वी तिटकारा होता. शाळेत जायच्या आधी मी आरशासमोर उभी राहून केसांतला एक एक तंतू वेचायची, तरी वर्गात कुणीतरी मुलगी माझ्या मानेवरून एखादा तंतू उचलून फुंकून उडवायचीच, आणि बाकीच्या हसायच्या.

१९५६ साली, आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याच हिवाळ्यात, अब्बांची छाती गेली. जन्मभर रुईचा भुरा श्वासातून आत गेलेला, दुसरं काय होणार? आपाचं लग्न लोहाऱ्याला झालं होतं. तिचे सासरचेही मूळचे पिंजारीच, पण त्यांनी धंदा सोडून चहाचं दुकान टाकलं होतं आणि आपण कधी पिंजारी होतो हे ते विसरून गेले होते. अब्बांना बघायला म्हणून आपा चार दिवसांसाठी आली. पुढच्या खोलीत लग्नसराईच्या गाद्या अर्धवट पडलेल्या. तिनं एक दिवस त्या नुसत्या बघितल्या. दुसऱ्या दिवशी पदर खोचला आणि पिंजणाखाली उभी राहिली.

बाईनं पिंजण धरायचं नसतं. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण नसतं. बाईनं टाके घालावेत, खोळ शिवावी, सरकीचे दाणे निवडावेत. लोहाऱ्याहून निरोप आला, पिंजण खाली ठेव नाहीतर घर विसर. आपानं निरोप घेऊन येणाऱ्याला चहा पाजला आणि म्हणाली, "मंग पिंजन." एवढंच. अब्बा पुढच्या वर्षी गेले. चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर आमच्यातली चार वडीलधारी मंडळी आली आणि बाईमाणसानं पिंजण खांद्यावर टाकून बाजारातून फिरणं शोभत नाही, असं बरंच काही बोलली. आपानं सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर हाय तुमचं," ती म्हणाली. "उद्यापासून तुमी येत जा पिंजाले. मी घरात बसतो. कोन कोनत्या दिवशी येन ते आत्ताच सांगून द्या."

ते पुन्हा आले नाहीत. आपा खांद्यावर पिंजण टाकून गावभर फिरू लागली, आणि पिंजाऱ्यांची पद्धत असते तशी चालता चालता बोटानं तात छेडायची, म्हणजे घरातल्या बायकांना कळावं की गाद्या पिंजणारं कुणी आलं आहे. टुंईं, टुंईं. बायकांना ती आवडली. पुरुष पिंजारी ओसरीच्या पुढे येऊ शकत नसे, आपा थेट माजघरात जाऊन बसे. तीन-चार वर्षांत अर्ध्या यवतमाळाच्या गाद्या तिच्या हातच्या झाल्या.

माझं शिक्षण त्या पिंजणावर झालं. हे मी नाकारत नाही. तिनं ते कधी बोलून दाखवलं असतं तर मला तिचा राग करायला बरं पडलं असतं, पण ती कधी बोलली नाही. फायनल झाली, ट्रेनिंग झालं, आणि मी जिथे शिकले त्याच मुलींच्या शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळाली. ती मोठ्या बाईंमुळे. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. पिंजाऱ्याची पोर चौथीनंतर घरी बसणार होती, तिला त्यांनी बसू दिलं नाही. त्यांनीच पुस्तकं दिली, त्यांनीच अर्ज लिहिले. मी बोलायची त्यांच्यासारखी, पदर घ्यायची त्यांच्यासारखा. घरीसुद्धा वऱ्हाडी बोलणं मी सोडून दिलं होतं. आपा चिडवायची, "बाईसायेब, आमच्यासारख्याले समजन असं बोला ना वं." मी उत्तर देत नसे. शाळेवरून तिच्या तातेचा आवाज आला की मी खिडकी लावून घ्यायची. मुलींना सांगायची, धूळ येते.

आता रुईची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरात कुणी गेलं की त्याचं अंथरूण लोक घरात ठेवत नसत. कुणी जाळत, कुणी नाल्याकाठी टाकून येत, आणि काही जण आमच्याकडे पाठवून देत. घेऊन जा, पण परत तोंड दाखवू नका, अशा थाटात. अब्बांचा नियम होता, ही रुई पिंजायची पण माणसाच्या अंथरुणात घालायची नाही. ती टांग्याच्या बैठकीत भरायची. आपानं तो नियम जसाच्या तसा चालवला. त्यामुळे यवतमाळातली बडी बडी माणसं मयताच्या रुईवर बसून स्टेशनावर जायची आणि त्यांना पत्ताही नसायचा. आम्हा दोघींना एकत्र हसवणाऱ्या फार थोड्या गोष्टी होत्या, त्यातली ही एक.

महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या हिवाळ्यात मोठ्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. गादीसाठी नवी रुई बाईंच्या भावानं राळेगावहून पाठवली, स्वतःच्या शेतातल्या पहिल्या वेच्याची. कामाला आपाच हवी असं बाईंनी सांगितलं होतं. मी तेव्हा शाळेत कच्च्या नेमणुकीवर होते. जानेवारीत मला कायम करायचा हुकूम निघायचा होता आणि तो बाईंच्या शिफारशीवर होता. शनिवारी शाळा सुटताना बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी मीच येते गादीचं कापड घेऊन. त्या निमित्तानं तुझं घरही पाहीन."

बाई आमच्या घरी! त्या रविवारी आपा पहाटेच लोहाऱ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरी गाद्या पिंजायला गेली होती, पिंजण घेऊन. ती नाही याचं मला बरंच वाटलं. पण पुढच्या खोलीत दोन ढीग होते. एक बाईंचा, पिंजून तयार. दुसरा त्याच महिन्यात गेलेल्या एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांच्या गादीचा, तोही पिंजून तयार, टांग्यात जायचा. दोन्हींवर चादरी टाकलेल्या. वकीलसाहेबांची गादी भारी होती, त्यामुळे पिंजल्यावर दोन्ही ढीग मला सारखेच पांढरे दिसत होते. मी एक मोठी खोळ काढली आणि दोन्ही ढीग तिच्यात कोंबले. खोळ मागच्या खोलीत ढकलली. जमीन पुसली, शेजारून खुर्ची आणली, फळीवर माझी पुस्तकं मांडली, छताच्या आकड्याला पिंजणाची दोरी लटकत होती ती सोडून टाकली. पिंजाऱ्याच्या घरी जन्म घेऊन, एकदा मिसळलेली रुई वेगळी करता येत नाही एवढंही मला कळू नये! पण कळलं नाही. इतकी वर्षं मी त्या खोलीतून नाकाला पदर लावून गेले होते, एकदाही थांबून बघितलं नव्हतं.

बाई आल्या, खुर्चीवर बसल्या. आमच्या घरचा चहा प्यायल्या, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. जाताना खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "वाटतच नाही गं पिंजाऱ्याचं घर आहे." मला इतका आनंद झाला, की तो आजही आठवला तर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दुपारी आपा आली. पिंजण भिंतीला टेकवलं, रिकाम्या खोलीकडे बघितलं.

"ढीग कुठं हायत?"

"आत ठेवलेत. खोळीत."

"कोनत्या खोळीत कोनता?"

मी नुसतं मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. ती मागच्या खोलीत गेली, खोळीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर रुई काढून बोटांत चोळली, नाकाशी नेली. मग दुसरीकडून एक मूठ काढली.

"मिसळलं तुनं."

"मी हात नाही लावला," मी म्हणाले. खरंच असं म्हणाले. घरात आम्ही दोघीच, आणि मी हे म्हणाले. आपानं माझ्याकडे बघितलं आणि ती हसलीसुद्धा नाही. मग मी म्हणाले, "दोन्ही एकसारखीच तर आहे. कुणाला कळणार आहे?"

"मले कयते."

"तू सांगितलं नाहीस तर कुणाला कळणार?"

"मी मले नाई सांगनार काय?"

मी तिला समजावलं. बाजारातून दुसरी नवी रुई आणू, तीच भरून देऊ, मयताची रुई बाजूला राहील, कुणाचं काही बिघडणार नाही. तिचं डोकं ठिकाणावर असतं तर हे तिला पटलं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं. ती खोळीचं तोंड बांधत म्हणाली, "त्यायची रुई त्यायच्या गादीत नाई गेली त मी चोर. मयताची गेली त मी चोराहून वाईट. पिंजारी रुई बदलते, असं लोकं तसंबी म्हनतेत. आजवर कोनी मले म्हनलं नाई. सांगाच लागन."

मग मी रडले. हुकूम निघायला महिना राहिला आहे, मी म्हणाले, नवरीच्या गादीत मयताची रुई गेली असती हे कळल्यावर बाई मला दारात उभं करणार नाहीत, माझं सगळं धुळीला मिळेल. आणि शेवटी असंही म्हणाले, की तुझं काय जातंय, तुला लाज म्हणजे काय ते माहीतच नाही. आपाच्या भुवयांवर रुई बसलेली होती.

"तुह्या नोकरीले धक्का नाई लागनार," ती म्हणाली. "मी पायतो काय कराचं ते. तू उगी राह्य."

सोमवारी ती सकाळीच बाईंच्या घरी गेली. मी तिच्याबरोबर गेले नाही. शाळेत गेले आणि दुसरीच्या मुलींना पाढे म्हणायला लावले. मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी मला शिक्षिकांच्या खोलीत बोलावलं. तिथे आणखी चार शिक्षिका डबे उघडून बसल्या होत्या. बाईंनी दारही लोटलं नाही.

"तुझी बहीण आली होती," बाई म्हणाल्या. "तिनं माझ्या लेकीच्या रुईत कुणा मेलेल्या माणसाची रुई मिसळली. घाईत चूक झाली म्हणाली. 'माह्या हातून झालं, लहानीले यातलं काई माहीत नाई,' असं दोनदा सांगितलं तिनं. लग्न आठ दिवसांवर, आणि हे! ती रुई मला आता घरात नको, ठेवा म्हणावं तुमच्याकडेच. स्वतः येऊन सांगितलं, एवढंच काय ते बरं केलं. पण यवतमाळात आता कोणी तिला माजघरात घेणार नाही, ते मी बघते."

मी उभी होते. आपानं खोटं सांगितलं होतं. जी बाई काट्याच्या एका मापासाठी दुकानदाराशी भांडायची, तिनं माझ्यासाठी मोठ्या बाईंच्या ओसरीवर उभं राहून, जे तिनं केलं नव्हतं ते अंगावर घेतलं होतं. मला ते समजलं आणि, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. मी मान खाली घालून गप्प राहिले. तेवढं मी करू शकत होते आणि तेवढं मी करतच होते.

मग बाई उठून माझ्याजवळ आल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "तुझ्यावर माझा राग नाही. तू त्यांच्यातली नाहीसच मुळी. मी तुला घडवलंय, मला माहीत आहे. हुकुमाचा कागद आजच पाठवते. फक्त आता तिच्यापासून वेगळी राहा. खोली मी बघून देईन."

मी सत्यासाठी बोलले, असं पुढे काही लोकांनी माझ्याबद्दल म्हटलं. सत्याबित्याचा काही संबंध नाही. खोटं मी आदल्या दिवशीच बोलले होते, आणि अजून दहा वेळा बोलले असते. पण "तू त्यांच्यातली नाहीस" हे ऐकलं आणि माझं डोकं सटकलं. आदल्याच दिवशी बाई "वाटतच नाही पिंजाऱ्याचं घर" म्हणाल्या होत्या आणि मी खूश झाले होते. आज त्याच बोलण्याचा पुढचा भाग त्या बोलत होत्या.

"रुई म्या मिसळली," मी म्हणाले. तोंडातून वऱ्हाडीच आलं, ते मला थांबवता आलं नाही. "आपानं नाई. आपा लोहाऱ्याले गेलती. तुमी घरी येनार म्हनून म्या ढीग लपवले, तुमाले आमची रुई दिसू नये म्हनून. अन् मी त्यायच्यातलीच हावो. माह्या बापाची पोट्टी हावो मी."

चारही डबे थांबले. बाईंचा चेहरा पडला. त्या वाईट नव्हत्या, हे मला आजही सांगायचं आहे. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांचे डोळे भरले होते.

"मग इतका वेळ सगळं का ऐकून घेतलंस?" त्यांनी विचारलं.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी वर्गात जाऊन पाढे पुढे सुरू केले.

संध्याकाळी मी आपाला सगळं सांगितलं, मोठ्या ताठ्यात. मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल, निदान शाबास तरी म्हणेल. ती रुई झोडपत होती. हातातली छडी तिनं भिंतीवर फेकली.

"कायले बोलली वं तू? मी सारं निभावून आनलं होतं. कोनं सांगतलं होतं तुले?"

"तुझ्या नावाला..."

"माह्या नावाचं मी पायलं असतं! तू तुह्यी नोकरी पाहाची. इतले वर्सं काय म्या तुले हे भाषन कराले शिकवलं?"

मीही ऐकून घेणारी नव्हते. मीही ओरडले. आमची खोली रस्त्याला लागूनच होती, लोक उभे राहून ऐकत होते, आणि त्या दिवशी मी खिडकी लावली नाही. त्यानंतर सहा महिने आम्ही त्या दोन खोल्यांत एकमेकींशी बोललो नाही. स्वयंपाक झाला की आपा भिंतीला सांगायची, "ज्याले जेवाचं असन त्यानं जेवाव." मी भिंतीला सांगायची, "डाळीत मीठ जास्त आहे."

माझ्या हुकुमाचा कागद निघाला नाही. सत्र संपलं तेव्हा शाळेला माझी गरज उरली नसल्याचं पत्र मिळालं. आपाचं काय झालं ते मात्र बाईंनी ठरवलं तसं झालं नाही. मी कबूल केल्यावर बाई गावात काही बोलल्या नाहीत, पण त्या खोलीतल्या चार डब्यांनी गोष्ट गावभर नेली. काही घरांनी तिला बोलवायचं बंद केलं. काही बायका उलट मुद्दाम बोलवू लागल्या. म्हणायच्या, जी स्वतः येऊन सांगते तिच्यासमोर रुई मोजत बसावं लागत नाही. खरी पंचाईत टांग्यांची झाली. बायकांनी विचारलं तेव्हा आपानंच सांगून टाकलं, आणि मयताची रुई कुठे जाते हे सगळ्यांना कळलं. एक दिवस तीन टांगेवाले घरासमोर येऊन शिव्या देऊ लागले, गिऱ्हाईक बसत नाही म्हणून. त्यांच्यामागे एक जाडजूड शेटजीही आले होते, जन्मभर टांग्यानं फिरलेले. आपा दारात आली, कमरेवर हात ठेवला.

"बसाचं नसन त पायी जा," ती शेटजींना म्हणाली. "जराक बारीक व्हान."

मी आत बसून तोंडात पदर कोंबून हसले. पण तिच्याशी बोलले नाही.

जूनमध्ये मला मुकुटबनच्या शाळेत जागा मिळाली. तिकडे जायला कुणी तयार नसे. वणीला जायचं, तिथून दुसरी मोटार. चारी बाजूंनी शेतं, पोरं काही मराठी बोलणारी, काही कोलामी, आणि शाळा म्हणजे एक लांब खोली. मी निघाले त्या दिवशी आपा पहाटेच कामाला निघून गेली होती. मी भिंतीला सांगितलं की मी जाते.

पंधराएक दिवसांनी दुपारच्या मोटारीतून कंडक्टरनं एक भली मोठी वळकटी खाली ढकलली. सुतळीनं आवळलेली नवीकोरी गादी. शाळेतली सगळी पोरं बघायला धावली. कंडक्टर म्हणाला, "वणीच्या गाडीवाल्यानं माझ्याकडे दिली. तुमच्या बहिणीचा निरोप आहे. म्हणाल्या, ज्यानं मिसळली त्यानंच झोपाव."

मी गादी एका टोकाला उसवून बघितली. बघायची गरज नव्हती. सहा महिने न बोलता तिचे हात बघत काढल्यावर आता मलाही बोटांत चोळून कळत होतं. राळेगावची पहिल्या वेच्याची नवी रुई आणि वकीलसाहेबांची जुनी, दोन्ही एकत्र, पुन्हा पिंजून, टाके असे जवळजवळ घातलेले की असे टाके तिनं पैसेवाल्यांच्या गादीलाही कधी घातले नव्हते. माझं पित्त खवळलं. मुकुटबनात मला घोंगडीवर झोपावं लागत होतं, तरी तीन दिवस मी त्या गादीला शिवले नाही. चौथ्या दिवशी पाठ धरली आणि मी ती अंथरली.

पहिली सुट्टी मिळाली तशी मी भांडायला म्हणून यवतमाळला गेले. भरदुपारी पोचले. आपा पिंजणाखाली उभी होती, दार सताड उघडं, रस्त्यावरून सगळं दिसत होतं. मी पिशवी खाली ठेवली नाही.

"मयताच्या गादीवर झोपवतं काय मले?" मी विचारलं. सात-आठ महिन्यांनंतर तिच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

तिनं दस्ता थांबवला नाही. "निम्मी नवरीची बी हाय," ती म्हणाली.

"हे काय बोलनं झालं?"

"झोप लागते काय?"

मला खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. "लागते," मी म्हणाले.

"मंग? वकीलसायेब चांगला मानूस होता. कोनाले तरास देनार नाई."

मी हसणार नव्हते. ओठ दाबून उभी राहिले. तेव्हा तिनं दस्ता खाली ठेवला, कपाळावरची रुई हातानं पुसली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तिचे डोळे लाल झाले होते. रुईमुळे असतील, पण रुईनं तिचे डोळे मी कधी लाल झालेले पाहिले नव्हते.

"साऱ्या जिंदगीत म्या एकच खोटं बोललं," ती म्हणाली. "तुह्यासाठी बोललं. तेबी तुनं टिकू देल्लं नाई. मले किती वाईट वाटलं ते तुले नाई समजनार. तुले वाटते, तू मोठी बहादुरी केली. मले वाटते, तुले माह्यं काईच घ्याचं नाई."

तिच्यासारख्या बाईच्या तोंडून हे ऐकायची माझी तयारी नव्हती. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी काही दुसरं आलंही नाही. मी पिशवी खाली ठेवली. तिला वाईट वाटलं याचं मला वाईट वाटत होतं, ते मी तिला सांगितलं. माफी मात्र मागितली नाही. मागितली असती तर ती खोटी ठरली असती, आणि एका घरात एक खोटं पुरे होतं.

"आपा, मले पुन्हा त्या खोलीत उभं केलं त मी पुन्हा तेच बोलन," मी म्हणाले.

"मालूम हाय," ती म्हणाली. तिनं दस्ता उचलला, आणि मान खोलीतल्या ढिगाकडे हलवून मला म्हणाली, "चाल, तोंडाले पदर बांध अन् ते सरकी निवड."

मी पदर बांधला नाही. तशीच ढिगापाशी बसले.